तापणारी मोटर आणि डावीकडे ओढणारी गाडी: नवी मोटर घेण्याआधी काय तपासावे

जुळे सोलापुरातल्या एका तरुण शौकिनाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने १/१० मापाचा, रिमोटवर चालणारा, चारही चाकांना गती असलेला शॉर्ट कोर्स रेसिंग ट्रक वापरलेल्या स्थितीत घेतला आहे. त्यात ५५० आकाराची ४००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ४००० फेरे घेणारी) सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर, २एस (दोन सेलची) ५००० एमएएचची लायपो बॅटरी, ४४ दातांचा स्पर गिअर (मोटर ज्याला फिरवते तो मोठा गिअर) आणि १५ दातांचे पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा लहान गिअर) आहे. मुरमाच्या मोकळ्या जागेवर पाच-सहा मिनिटे चालवल्यावर मोटरला हात लाववत नाही आणि गाडी मध्येच थांबते. थ्रॉटल देताच ती डावीकडे ओढते, वळणात शिरताना सरळ निघून जाते, वळणातून बाहेर पडताना तिची मागची बाजू एकदम फिरते आणि उडी मारल्यावर ती नाकावर आपटते. मोठी मोटर आणि ३एस (तीन सेलची) बॅटरी बसवल्यास सगळे सुटेल, असा सल्ला त्याला मिळाला आहे.

हा सल्ला मानू नका. तुमच्या मोटरला २एसवर, म्हणजे ७.४ व्होल्टवर, भाराविना मिनिटाला सुमारे २९,६०० फेरे मिळतात, ३एसच्या ११.१ व्होल्टवर तेच फेरे ४४,४०० होतील. गिअर तोच ठेवला तर मोटरकडून मागितलेली शक्ती आणि त्यासोबतची उष्णता दोन्ही वाढतील. ज्यांना ३एसवर धावायचेच असते ते साधारण २६५० केव्हीच्या आसपासची मोटर घेतात, म्हणजे वेग जवळपास तोच राहतो आणि तेवढ्याच शक्तीसाठी लागणारा प्रवाह कमी होतो. पण तो मुद्दा तुमच्या आजच्या दुखण्याचा नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी निदान तीन लक्षणे, म्हणजे तापणे, डावीकडे ओढणे आणि बाहेर पडताना मागची बाजू फिरणे, एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतात, आणि ते ठिकाण म्हणजे मोटर व चाक यांच्यामधली गतीची साखळी. ती मोकळी आणि सरळ झाल्याशिवाय स्प्रिंग, तेल, कॅम्बर (चाकाचा उभा कल) यांना हात लावण्यात अर्थ नाही, कारण अडखळणाऱ्या बेअरिंगवर केलेले सेटिंग ते बेअरिंग बदलताच निरुपयोगी ठरते.

आधी एक गोष्ट निश्चित करून घ्या: गाडी थांबते ती उष्णतेमुळे की व्होल्टेज कमी झाल्यामुळे? ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) दोन्ही कारणांनी मोटरची वीज तोडतो, आणि बहुतेक ईएससींचा दिवा प्रत्येक कारणासाठी वेगळ्या पद्धतीने लुकलुकतो. त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. गाडी थांबल्याबरोबर बॅटरीच्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजा. दोन्ही सेल ३.७ व्होल्टच्या वर असतील तर कारण बहुधा उष्णतेचे आहे. एक सेल ३.७ आणि दुसरा ३.३ दाखवत असेल तर बॅटरीचा एक सेल थकला आहे, आणि मोटर कितीही बदलली तरी गाडी थांबायची ती थांबणारच. त्याच वेळी कनेक्टरला हात लावून पाहा. कनेक्टर किंवा त्याच्या मुळाशी असलेली वायर मोटरइतकी तापत असेल तर सोल्डर कच्चा आहे. जाड वायरला बारीक टोकाच्या कमी शक्तीच्या सोल्डरिंग आयर्नने लावलेला टाका वरून चांगला दिसतो, पण आतून धरलेला नसतो.

उष्णतेचे मोजमाप हाताने करू नये. साधारण ६० अंश सेल्सिअसला हात मागे घ्यावासा वाटतो, आणि मोटरसाठी ६० अंश काळजीचे नाहीत. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, गाडी थांबवताच मोटरच्या आवरणावर एकाच ठराविक जागी मोजा आणि त्या दिवशीचे हवेचे तापमानही लिहून ठेवा. ८० अंश ही वरची मर्यादा समजावी, कारण आतला रोटर बाहेरच्या आवरणापेक्षा जास्त गरम असतो, आणि चुंबक एकदा दुबळे झाले की मोटर त्याच वेगासाठी अधिक प्रवाह ओढते व आणखी तापते. सोलापुरात या नोंदीला विशेष महत्त्व आहे. जी गाडी हवेपेक्षा ४५ अंश वर जाते ती जानेवारीतल्या ३० अंशांच्या दुपारी ७५ वर थांबेल; तीच गाडी मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात ८७ वर पोहोचेल. गाडीत काहीही बिघडलेले नसते, तरी ती उन्हाळ्यात मर्यादा ओलांडते. म्हणून मी मार्चपासून पाऊस पडेपर्यंत पिनियनचा निदान एक दात कमी ठेवतो, आणि शक्यतो सकाळीच चालवतो.

आता तुमच्या दातांचा हिशेब पाहू. अशा अनेक गाड्यांत पुढच्या-मागच्या डिफरेन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीत) ४३ दातांचा मोठा गिअर आणि १३ दातांचे पिनियन असते, म्हणजे ३.३१ ची आतली घट. तुमच्या गाडीतले दात मोजून खात्री करा. ४४ भागिले १५, गुणिले ३.३१, म्हणजे एकूण घट सुमारे ९.७. चाकाचा व्यास ११० मिमी धरला तर कागदावरचा वेग ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास येतो. तुमच्या जागेतली सरळ पट्टी पंचवीस-तीस मीटरची असेल तर हा वेग तिथे कधीच गाठला जाणार नाही. मोटर आपला सगळा वेळ कमी फेऱ्यांत आणि जास्त प्रवाहात, म्हणजे तिच्यासाठी सर्वांत त्रासदायक अवस्थेत घालवते. १३ दातांचे पिनियन बसवल्यास एकूण घट ११.२ होते आणि वेग ५५ पर्यंत उतरतो. चाकावर तेवढाच जोर मिळवण्यासाठी मोटरला लागणारा प्रवाह सुमारे १३ टक्के कमी होतो, आणि तांब्याच्या गुंडाळीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळपास पाव हिश्शाने घटते. दोन दातांच्या बदलातून इतका फरक पडत असताना नवी मोटर विकत घेणे मला पटत नाही. ईएससीमध्ये टायमिंगची (मोटरच्या गुंडाळीला वीज किती आधी द्यायची हे ठरवण्याची) सोय असेल तर तेही सर्वांत खालच्या पायरीवर आणा. टायमिंग वाढवले की वरचे फेरे वाढतात आणि त्यासोबत उष्णताही वाढते.

पिनियन बदलण्यासाठी काढले की ते लगेच परत बसवू नका. पिनियनविना गाडी गुळगुळीत फरशीवर ठेवून हलकेच ढकला. ती शांतपणे आणि लांबवर जायला हवी. नंतर गाडी उचलून धरा, चारही चाके काढा आणि एकेक ॲक्सल बोटांनी फिरवा. पुढच्या डाव्या ॲक्सलकडे विशेष लक्ष द्या, कारण थ्रॉटल देताच एका बाजूला ओढण्यामागे त्या बाजूचे घासणारे चाक हे अतिशय सामान्य कारण आहे. बेअरिंगमध्ये मुरमाची धूळ गेली असेल तर बोटांना खरखर जाणवते. मुरूम फक्त धूळ उडवतो असे समजू नका. त्याचे कण कठीण असतात आणि बेअरिंगच्या गोळ्यांना ते पॉलिशच्या कागदासारखे घासतात. या वर्गातल्या गाड्यांत ५×११×४, ८×१६×५, १०×१५×४ आणि १५×२१×४ मिमी ही मापे नेहमी आढळतात. ८×१६×५ चा क्रमांक ६८८ आणि १०×१५×४ चा ६७०० आहे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांना लागणारी बेअरिंगे विकणाऱ्या दुकानांत क्रमांक सांगून विचारा; पातळ बेअरिंग प्रत्येक वेळी हाताशी नसते, पण क्रमांक अचूक सांगितला तर मागवून देणारे दुकानदार आहेत. मुरमासाठी रबरी सील असलेले बेअरिंग घ्यावे. ते धातूच्या झाकणाच्या बेअरिंगपेक्षा किंचित जड फिरते, तरी टिकते जास्त.

बेअरिंग चांगले असूनही चाक घट्ट फिरत असेल तर चाकाचा नट प्रमाणाबाहेर आवळलेला नाही ना ते पाहा. त्यानंतर त्या चाकाचा आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून पाहा: सीव्हीडी शाफ्ट (चाकाला गती देणारा सांध्याचा दांडा) एखाद्या टोकाला आत टेकून अडतो का? शॉक सोडवल्यावर आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. तो मध्येच थांबत असेल तर हिंज पिन (आर्म जिच्यावर फिरतो ती) वाकलेली आहे किंवा आर्मच्या छिद्रात माती बसली आहे. पिन काचेच्या तुकड्यावर लोळवली की वाक लगेच दिसतो. वाकलेली पिन ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नये, ती बदलावी.

एका बाजूला ओढण्याची तपासणी मी अशी करतो. ट्रिम (रिमोटवरची स्टिअरिंगची बारीक जुळवणी) शून्यावर, स्टिअरिंग सरळ आणि गाडी फरशीवर हाताने ढकललेली. तशीही ती डावीकडे गेली तर दोष चाकाच्या घर्षणात, टो-कोनात (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याच्या कोनात) किंवा टायरमध्ये आहे. हाताने ढकलल्यावर सरळ जाते आणि फक्त थ्रॉटलवर ओढते, तर दोष डिफरेन्शियलमध्ये किंवा चेसिसच्या पिळात असण्याची शक्यता अधिक. पीळ तपासण्यासाठी अँटी-रोल बारच्या (गाडीचा आडवा कल रोखणाऱ्या तारेच्या) दांड्या सोडवा, गाडी सपाट काचेवर ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चेसिस मागच्या बाजूला बरोबर मध्यावर हळूच उचला. दोन्ही मागची चाके एकाच वेळी काच सोडायला हवीत. एक चाक आधी सुटले तर पुढच्या शॉकच्या कॉलरची (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कड्याची) उंची दोन्ही बाजूंना समान नाही, किंवा शॉकची लांबी वेगळी आहे, किंवा चेसिसची वरची पट्टी पिळलेली असताना स्क्रू आवळले गेले आहेत. शेवटच्या बाबतीत वरच्या पट्टीचे सगळे स्क्रू सैल करून, गाडी सपाट पृष्ठभागावर दाबून धरून, पुन्हा आळीपाळीने आवळावे. ज्या गाड्यांत मोटर चेसिसच्या लांबीच्या दिशेने बसवलेली असते त्यांत जोरात थ्रॉटल दिल्यावर चेसिस थोडा एका बाजूला कलतोच; तेवढा कल स्वाभाविक आहे आणि तो ट्रिमने लपवू नये.

यानंतर डिफरेन्शियल. तुमच्या उत्तराचा गाभा माझ्या मते इथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. स्पर गिअर एका हाताने घट्ट धरा आणि मागचे एक चाक फिरवा. दुसरे चाक उलट दिशेने फिरेल. हाताला जो प्रतिकार जाणवतो तो आतल्या सिलिकॉन तेलाचा. आता पुढेही तसेच करा. मागचे डिफरेन्शियल जवळजवळ जाम आणि पुढचे पाण्यासारखे मोकळे असे आढळले तर मला आश्चर्य वाटणार नाही. वापरलेल्या गाड्यांत कुणीतरी मागे अतिघट्ट तेल किंवा ग्रीस भरलेले असते आणि पुढच्या भागातले तेल ओ-रिंगमधून गळून गेलेले असते. मागचे डिफरेन्शियल घट्ट असले की वळणात दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरू पाहतात, आतले चाक घसरते आणि थ्रॉटल देताच मागची बाजू सुटते. पुढचे रिकामे असले की आतले पुढचे चाक नुसतेच गरगर फिरते, पुढून ओढ मिळत नाही आणि गाडी वळणातून बाहेर खेचली जात नाही. तुम्ही सांगितलेले बाहेर पडतानाचे लक्षण या जोडीशी जुळते.

तेलाची सुरुवात पुढे ५०००, मध्ये ७००० आणि मागे ३००० सेंटिस्टोकने (तेलाच्या घट्टपणाचे माप; आकडा मोठा तितके तेल घट्ट) करा. मुरमाच्या सैल थरासाठी हे आकडे सुरुवातीला सुरक्षित आहेत. त्यांचा परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढचे तेल घट्ट केले तर वळणातून बाहेर पडताना ओढ वाढते, पण शिरताना गाडी कमी वळते. मधले घट्ट केले तर सरळ धाव जोमदार होते, मात्र मागच्या चाकांकडे जाणारा जोरही वाढतो आणि सैल मातीत मागची बाजू सुटण्याची शक्यता वाढते. मधले फार पातळ असेल तर जोरात निघताना पुढची चाके नुसतीच गरगर फिरतात आणि गाडी जागीच धडपडते. मागचे पातळ केले की वळणात पकड वाढते. तुमच्या गाडीत मध्ये डिफरेन्शियलऐवजी स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) असेल तर मधल्या तेलाचा प्रश्न येत नाही. त्याऐवजी स्लिपर इतका आवळा की थांबलेल्या स्थितीतून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर तो अर्धा-एक मीटर घसरल्याचा आवाज येईल आणि मग धरेल. सतत घसरणारा स्लिपर स्पर गिअर वितळवतो.

तेल भरताना जुने पूर्ण धुऊन काढा, ओ-रिंग आणि गॅस्केट नवे घाला, आडवी पिन बुडेल इतपतच तेल भरा आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबा. काठोकाठ भरले तर गरम झाल्यावर प्रसरणाला जागा उरत नाही आणि तेल पुन्हा ओ-रिंगमधूनच वाट काढते. मोठ्या गिअरच्या बाजूच्या शिम पट्ट्यांकडेही लक्ष द्या. जोर लावताना कटकट असा आवाज येत असेल तर मोठा गिअर पिनियनपासून दूर सरकला आहे, ०.१ किंवा ०.२ मिमीची शिम एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला घातली की दात नीट बसतात. शिम जास्त झाली तर गिअर जड फिरेल आणि उष्णतेचा प्रश्न पुन्हा उभा राहील.

मोटरचे पिनियन परत बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरच्या मध्ये घालून मोटर दाबून स्क्रू आवळा, मग पट्टी फिरवून काढा. स्पर गिअर क्वचितच पूर्ण गोल असतो, म्हणून एका जागी समाधान मानू नका. त्याला पूर्ण फेरी देऊन जिथे तो सर्वांत घट्ट वाटतो तिथे किंचित खेळ राहील असे पाहा. मोटरच्या धातूच्या स्क्रूंना निळे थ्रेडलॉक लावा. प्लॅस्टिकच्या भागांवर ते लावू नये, काही प्लॅस्टिके त्याने तडकतात.

इतके झाल्यावर गाडी पुन्हा चालवा आणि मगच वळणात शिरतानाचा दोष पाहा. तो बहुधा निम्मा उरलेला असेल. आधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सारखे वळते का ते बघून रिमोटवरचे एंड पॉइंट (स्टिअरिंग कुठवर वळेल त्याची मर्यादा) जुळवा. सर्व्हो सेव्हरची (स्टिअरिंग वळवणाऱ्या सर्व्हो मोटरला धक्क्यांपासून वाचवणाऱ्या भागाची) स्प्रिंग फार सैल असेल तर चाके जमिनीवर ठेवलेल्या अवस्थेत वळतच नाहीत. सर्व्होचा हात हलतो आणि चाके मागे राहतात. थ्रॉटल आणि स्टिअरिंग एकत्र दिल्यावर गाडी क्षणभर ऐकत नसेल तर ईएससीतून रिसीव्हरला मिळणारे व्होल्टेज कोसळत आहे, असे समजून सर्व्हो आणि त्याची वायरिंग तपासा.

टायरबद्दल माझे मत ठाम आहे: कठीण थरावर सैल धूळ असलेल्या आपल्या मैदानांवर टायर बदलून जो फरक पडतो तो इतर कोणत्याही सेटिंगने पडत नाही. काट्यांच्या कडा गोल झालेले पुढचे टायर वळणात शिरताना धूळ कापत नाहीत, तिच्यावर तरंगतात. उंच आणि मोकळ्या अंतरावर असलेले काटे, मऊ रबर आणि आत न फाटलेला फोम, एवढे आधी जमवा. टायर रिमपासून सुटलेला नाही ना हे बोटाने चारही बाजूंनी दाबून पाहा. एका बाजूचा सुटलेला टायर गाडीला त्या दिशेने ओढतो.

कोन आणि उंचीची सुरुवात अशी ठेवा: पुढे कॅम्बर उणे १.५ अंश, मागे उणे २ अंश, मागे ३ अंश टो-इन, पुढे शून्य ते १ अंश टो-आउट, आणि बॅटरीसह गाडी वीस सेंटिमीटरवरून सोडून स्थिरावल्यावर चेसिसखाली २६ ते २८ मिमी जागा. मागची बाजू अजूनही सुटत असेल तर मागचा अँटी-रोल बार काढून टाका; खडबडीत मैदानावर त्याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त. एका वेळी एकच बदल करावा आणि बॅटरी साधारण सारख्या चार्जवर असताना तुलना करावी, कारण भरलेल्या ८.४ व्होल्टवर आणि उतरलेल्या ७.४ व्होल्टवर हीच गाडी दोन वेगळ्या स्वभावांची वाटते.

बॅटरीबाबत थोडक्यात. ५००० एमएएचला ५ अँपिअरने चार्ज करा, गरम बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू नका, ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, आणि उन्हाळ्यात बंद कारमध्ये ती कधीही सोडू नका. फुगलेली बॅटरी गाडीत बसत असली तरी वापरू नये. पावसाळ्यात काळ्या मातीवर गाडी उतरवू नका. ती माती टायरला आणि आर्मला लिंपून बसते, चाकांचे वजन वाढवते आणि मोटर त्या ओझ्याखाली काही मिनिटांत तापते. मुरूम पाणी लवकर सोडतो, त्यामुळे उघडीप मिळाल्यावर त्यावर चालवायला हरकत नाही. चालवून झाल्यावर पंक्चरच्या दुकानातला हवेचा पाइप वापरायचा असेल तर झोत बेअरिंगच्या तोंडावर न धरता तिरका धरा, नाहीतर धूळ सीलच्या आत ढकलली जाईल.

उडीचा प्रश्न दोन भागांत विभागावा लागतो. गाडी हवेत गेल्यावर तुम्ही थ्रॉटल सोडत किंवा ब्रेक लावत असाल तर नाक खाली जाणारच, कारण वेगाने फिरणाऱ्या चार चाकांचा फेरा अचानक कमी झाला की तो संवेग गाडीच्या शरीरात जातो आणि नाक खाली वळते. हवेत थ्रॉटल वाढवला की उलट नाक वर येते. चढाच्या टोकाला थ्रॉटल स्थिर ठेवून पाहा. तरीही मागची बाजू चढावरून उसळून वर फेकली जात असेल तर मागच्या शॉकचे तेल पातळ आहे किंवा त्यात हवा अडकली आहे. शॉक उलगडून, दांडा हळूहळू वरखाली करून बुडबुडे काढा, आणि दोन्ही मागच्या शॉकमध्ये ४०० सेंटिस्टोक तेल घालून सुरुवात करा. उन्हात तेल पातळ होते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत ४५० वापरा. दोन्ही शॉक हातात घेऊन एकाच वेळी दाबून सोडल्यावर दांडे सारख्या वेगाने बाहेर यायला हवेत. एक मागे पडत असेल तर त्या शॉकची ओ-रिंग किंवा दांडा खराब आहे, आणि तो बदलेपर्यंत स्प्रिंगला हात लावू नका.